सोवळ्यातला विस्तव

बंगळुराबाहेर, आनेकलच्या पुढं एका आमराईत दर शनिवारी लहान मुलांची उघड्यावरची शाळा भरते. तिथं कमलाबाई सहा-सात वर्षांच्या पोरांना जाळ पेटवायला शिकवतात. त्या शहरातल्या मल्लेश्वरमहून बस बदलत येतात, पण आल्यावर दमल्याचं नाव नाही. केस बांधा, दगडांचं कडं करा, पाण्याची बादली आणि ओलं पोतं हाताशी ठेवा, वारा पाठीवर घ्या. एकच गुडघा टेकून बसा, म्हणजे चटकन मागं होता येतं. यातलं एक जरी चुकलं तरी काडेपेटी मिळत नाही, मग पोर कितीही भोकाड पसरो.

त्यांच्या स्वतःच्या घरी मात्र विस्तव मुलांसाठी नव्हताच. स्वयंपाकघर मडीचं, म्हणजे सोवळ्यातलं. मुलांनी उंबरठ्याबाहेर ताट घेऊन बसायचं. चुलीच्या जागी गॅस आला, सोवळं तसंच राहिलं. मुलगा श्रीहर्ष पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात मोठमोठी यंत्रं चालवू लागला, पण घरच्या शेगडीला त्यानं कधी बोट लावलं नाही. कमलाबाई हे चारचौघांत कौतुकानं सांगायच्या. कसलं डोंबलाचं कौतुक!

तो पीण्याजवळ वेगळा राहू लागला. एकदा बायको मुलीला घेऊन माहेरी गेलेली असताना त्याला पापड तळून खावेसे वाटले. कढईतल्या तेलानं पेट घेतला. गॅस बंद करून झाकण घातलं असतं तर भागलं असतं. त्यानं तांब्याभर पाणी ओतलं. इस्पितळातून तो परत आलाच नाही.

त्यानंतर कमलाबाईंनी ही शिकवणी धरली. आज त्याची मुलगी सुप्रीता पहिल्यांदाच त्यांच्यापुढं बसली होती. बाकी सगळ्यांचे जाळ पेटवून, विझवून झाले. आता तिची पाळी होती, आणि आजीची मूठ काही उघडेना.

"अज्जी, काडेपेटी दे की."

"स्वल्प, जरा थांब, पुट्टी. पुढच्या शनिवारी करूया."

"का? मी सगळं बरोबर केलंय. केस बांधलेत, गुडघा टेकलाय. आणि तेल पेटलं तर पाणी घालायचं नाही, झाकण घालायचं. तूच सांगितलंस ना सगळ्यांना?"

कमलाबाईंनी काडेपेटी पदराखाली घेतली.

पोरीनं पाचोळा पुन्हा नीट रचला. मग म्हणाली, "अज्जी, बाबांना कुणीच सांगितलं नव्हतं?"

कमलाबाईंनी खोटं बोलायला तोंड उघडलं, पण खोटं बाहेर पडेना.

"नाही गं बाळा. मी त्याला आत येऊच दिलं नाही."

त्यांनी काडेपेटी नातीच्या हातात ठेवली आणि त्या तिच्या पाठीशी बसल्या. सुप्रीतानं काडी अंगापासून लांब ओढली, पाचोळ्याला लावली, आणि जाळ धरताच शिकवल्याप्रमाणं मागं सरली. कुठंही काही चुकलं नाही. किती सोपं होतं ते! कमलाबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला, तरी सगळ्या पोरांना त्यांचं रडणं ऐकू गेलं.