आश्रमशाळेच्या अधीक्षकांची चौकशी

माझ्या नवऱ्याची लायकी तपासायला माणसं जमली, त्या दिवशी सगळ्यांना चहा मीच केला. दुसरं कोण करणार? स्वयंपाकाच्या मावशींना साक्ष द्यायला बोलावलं होतं, आणि आमची खोली शाळेच्या आवारातच होती, वर्गांच्या मागच्या बाजूला. दूध फाटलं म्हणून कोराच चहा दिला.

मासवणच्या पुढे, मनोरच्या बाजूला ही आश्रमशाळा. संस्था खाजगी. आजूबाजूच्या पाड्यांवरची मुलं तिथे राहून शिकायची. हे तिथे वसतिगृहाचे अधीक्षक होते. कागदावर हा शब्द भारदस्त दिसतो. प्रत्यक्षात मुलांना उठवायचं, आंघोळीला पाठवायचं, जेवायला बसवायचं, कोणाला खरूज, कोणाला ताप, कोणाची चादर कोणी पळवली ते बघायचं. शिक्षक संध्याकाळी पालघरला आपापल्या घरी जात. अधीक्षक कुठे जाणार? त्याचं घर तेच.

आम्ही मूळचे धाराशिवकडचे. यांनी समाजकार्याची पदवी घेतली, पण नोकरी कुठे लागेना. मग एका नात्यातल्या माणसाने बोईसरला तार ओढायच्या कारखान्यात चिकटवलं. जवळच्या पाम गावात एका खोलीत आमचा संसार सुरू झाला. त्या कारखान्यात यांची बरीच वर्षं गेली. घरी आले की जेवताना मान खाली घालून बसत, बोलणं नको वाटे. आश्रमशाळेत निवड झाली तेव्हा मी यांना प्रथमच मोठ्याने हसताना पाहिलं. म्हणाले, ‘‘अगं, शेवटी शिकलो त्याचं काम मिळालं.’’

ते काम यांनी जीव लावून केलं, हे मी बायको म्हणून सांगत नाही. रविवारी ओसरीवर बसून बारक्या मुलांची नखं स्वतः कापत. एखादं मूल घरच्या ओढीने पळून गेलं तर डोंगरातल्या पाड्यापर्यंत चालत जात, आईबापांबरोबर भाकरी खात आणि संध्याकाळी त्या मुलाला हाताला धरून परत आणत. मुलांची बोली यांच्या तोंडात बसली होती. एकदा एक चिमुरडा म्हणाला, ‘‘सर, तुमी आमच्यावानी बोलता. पन लय मोठ्यानं बोलता.’’ आम्ही दोघंही हसलो होतो.

मोठ्याने बोलायचे हे खरं. मी स्वयंपाकघरातून हाक मारली तर ओ येत नसे. पुढ्यात जाऊन बोललं की लगेच उत्तर मिळे. मुलांनाही यांनी सवय लावली होती, सरांशी बोलायचं तर समोर उभं राहून बोलायचं, दारात आलं तर आधी विचारायचं. सगळे म्हणत, अधीक्षकांची शिस्त चांगली आहे. मी यांना म्हटलं, ‘‘अहो, बोईसरला जाऊन एकदा कान दाखवून येऊ.’’

‘‘मळ असेल. तेल घाल.’’

मी तेल कोमट करून घातलं. फरक पडला नाही. पुन्हा विषय काढला तेव्हा चिडले. ‘‘अधीक्षकाला ऐकू येत नाही असं एकदा कागदावर आलं की पुढे काय होतं, कळतं का तुला?’’ मला कळत होतं. मी पुन्हा पुन्हा सांगत राहिले आणि हे पुन्हा पुन्हा टाळत राहिले. शेवटी आमच्यात तेवढंच एक भांडण उरलं.

गणपतीच्या सुट्टीनंतरचा रविवार होता. मी शिवणाचं सामान आणायला पालघरला गेले होते. शाळेत मुलं, हे आणि मावशी, एवढीच माणसं. स्वयंपाकघरामागे जमिनीतली पाण्याची टाकी होती. तिचं झाकण एका कडेने फुटलेलं. हे संस्थेला सांगून थकले होते. शेवटी यांनी त्यावर एक फळी टाकून वर दगड ठेवला होता. मुलांनी खेळताना तो दगड कशाला तरी उचलून नेला असावा. तिसरीतला एक मुलगा चेंडूमागे धावत गेला, फळी सरकली आणि तो आत पडला. पाणी त्याच्या डोक्यावरून जाईल एवढं होतं. आतल्या पाइपाला धरून तो ओरडत राहिला.

ऑफिसची खिडकी टाकीच्या बाजूलाच उघडते. हे आत टेबलाशी बसून काम करत होते.

मी परतले तेव्हा आवारात पाड्यावरची माणसं जमलेली होती. मुलाला मावशींनी बाहेर काढलं होतं. त्या लांबवर, शेताच्या कडेला भाजी खुडत होत्या, तिथून धावत आल्या. पोरगा त्यांच्या मांडीवर चादरीत गुंडाळून पडला होता. ओठ निळे, डोळे उघडे. त्याला मनोरच्या दवाखान्यात नेलं. जिवावरचं टळलं, पण तो बोलेना. हे ओसरीच्या खांबाशी उभे होते. माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

पुढच्या आठवड्यात सभा बसली. व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, त्यांचं गावात किराणा दुकान. संस्थेचे सचिव, पालघरहून गाडीने आलेले. मुख्याध्यापक. मुलाचे आईबाप. बाकी पाड्यांवरचे पालक जमिनीवर बसलेले. यांना मध्ये खुर्ची दिली होती. यांनी ती उचलून भिंतीजवळ नेली, सगळ्यांची तोंडं दिसतील अशी. का नेली ते मला कळलं. दुसऱ्या कोणाला कळलं नसावं.

अध्यक्षांनी सुरुवात केली. ‘‘इथे यायच्या आधी तुम्ही काय करत होतात?’’

‘‘बोईसरला कारखान्यात होतो.’’

‘‘तिथून सोडलंत का काढलं?’’

‘‘सोडलं.’’

‘‘कारखान्यातला माणूस पोरं सांभाळायला कसा आला?’’

यांनी पदवीचं सांगितलं. मागून कोणीतरी म्हणालं, तसल्या पदव्या विकत मिळतात. मूळ कागद यांनी सचिवांच्याच हातात दिले होते, त्यांनीच तपासून घेतले होते, पण ते चहाच्या कपात बघत बसले. मग एक पालक उठला. ‘‘घाटावरचा मानूस. त्याला आमची पोरं पोरं वाटत नाय, म्हनून खोलीत बसून रायला.’’ दुसरा म्हणाला, पीत असणार. रविवार होता, पिऊन झोपला असणार.

यांनी आयुष्यात दारूला हात लावला नाही. मी दाराशी किटली घेऊन उभी होते. एवढ्या वर्षांत ज्या घरांत हे बसून जेवले, त्यांतलेच काही चेहरे समोर होते. त्यांच्यातलं कोणी उठून दोन शब्द बोलेल असं मला वाटत होतं. कोणी बोललं नाही. आणि खरं सांगायचं तर त्यांना तरी कसा दोष देऊ? त्यांचं लेकरू बुडत होतं, आणि ज्याच्या भरवशावर ठेवलं तो चार पावलांवर बसून होता. टाकीचं झाकण फुटकं का होतं, हे मात्र त्या दिवशी कोणीच विचारलं नाही.

मग त्या मुलाच्या वर्गातला एक मुलगा पुढे आला. अध्यक्ष त्याला म्हणाले, ‘‘काय झालं ते सांग. घाबरू नको.’’

‘‘तो पडला तवा मी हापिसात पळालो. दारात उभा रायलो. बोललो, सर, आत येऊ का? सर पलीकडं तोंड करून बसले होते. बोलले नाय. परत बोललो, सर, आत येऊ का? मंग मावशीकडं पळालो.’’

‘‘अरे, आत जायचं सरळ! ओरडायचं!’’

मुलाने यांच्याकडे पाहिलं. ‘‘सरांनीच सांगितलाय, इचारल्याबिगर आत यायचं नाय.’’

हे त्या मुलाच्या तोंडाकडे टक लावून बघत होते, म्हणजे त्याचा शब्द न् शब्द यांना समजला होता. मग म्हणाले, ‘‘मी कामात होतो. चूक माझी आहे.’’

‘‘कामात होतात म्हणजे? पोरगं हाका मारतंय नि तुम्ही कामात?’’

‘‘चूक माझी आहे,’’ हे पुन्हा म्हणाले. बेजबाबदार म्हणा, दारूडा म्हणा, हे सगळं ऐकून घ्यायला तयार होते. ती एक गोष्ट तेवढी सांगायची नव्हती.

सभेचा वृत्तांत लिहिलेला कागद सचिवांनी सह्या करायला पुढे केला. सही करायला हे टेबलाशी गेले, त्यामुळे आता यांची पाठ लोकांकडे झाली. तेवढ्यात मुलाची आई उठली. अंगाने बारीक, कडेवर धाकटं मूल. यांच्या मागे येऊन उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, ‘‘सर, पोराची पेटी घेऊन जाऊ का?’’

हे सही करत होते.

‘‘सर, पेटी नेऊ का आमची?’’

यांनी पेनाचं टोपण लावलं, कागद सरळ केला. तिने गोंधळून नवऱ्याकडे पाहिलं. खोलीत आवाज थांबत गेला. अध्यक्षांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. तिचा हात यांच्या खांद्याकडे गेला, पण परक्या पुरुषाला शिवावं कसं, म्हणून तिने तो मागे घेतला. ती खूप वेळ तिथे उभी आहे असं मला वाटलं.

मी म्हणाले, ‘‘त्यांना ऐकू येत नाही हो.’’

तेसुद्धा यांना ऐकू गेलं नाही. हे वळले तेव्हा सगळे यांच्याकडे बघत होते, पण मघासारखं नाही. यांनी एकेक चेहरा पाहिला आणि शेवटी मला विचारलं, ‘‘काय झालं? काय म्हणतायत त्या?’’

मी जवळ गेले आणि समोर उभी राहून म्हणाले, ‘‘पेटी न्यायची म्हणतायत. मुलाला घरी घेऊन चालल्या.’’

‘‘मुलाला? कशाला?’’ असं म्हणून हे थांबले. सगळ्यांना कळलंय, हे यांना तेव्हा कळलं. खुर्चीवर बसले. नंतर कोणी शिव्या दिल्या नाहीत, कोणी पदवीचं बोललं नाही. दारूचं बोलणारा माणूस उठून बाहेर गेला. अध्यक्ष तेवढे म्हणाले, अगदी शांतपणे, ‘‘मग इतकी वर्षं आमच्या पोरांचं रडणं कोण ऐकत होतं?’’

मुलाच्या बापाने पेटी डोक्यावर घेतली. जाताना तो यांच्यासमोर थांबला, दोन्ही हात पेटीला होते म्हणून नुसती मान लववली.

पालघरच्या सरकारी दवाखान्यात तपासणी झाली. डॉक्टर तरुण होत्या. एका कागदावर लिहून यांना दाखवत होत्या, तोंडाने मला सांगत होत्या. कारखान्यातल्या यंत्रांच्या आवाजाने आतली नस कमजोर होत जाते, हळूहळू, माणसाला स्वतःला पत्ता लागत नाही. उजव्या कानाने जवळपास काही नाही, डाव्या कानाने थोडं. परत येणार नाही. ‘‘आधी का नाही आलात?’’ त्यांनी विचारलं. हे कागदाकडे बघत बसले. अशा माणसाने वसतिगृह सांभाळू नये, असं त्यांनी लिहून दिलं. त्यांचं काही चुकलं नाही.

शाळा सोडायच्या आधी हे एकदा त्या मुलाच्या पाड्यावर गेले. मी बरोबर होते. झोपडीचं दार काटक्या लावून बंद केलं होतं. शेजारच्या बाईने सांगितलं, सगळी वीटभट्टीवर गेली, वसईकडं. पोरगा बोलतो का, हे यांनी विचारलं. ती म्हणाली, ‘‘बोलतो जरा जरा. शाळंत नाय जायाचा बोलतो.’’ मी यांना ते समोर उभं राहून सांगितलं.

आता आम्ही बोईसरला राहतो. मी एका कपड्यांच्या युनिटमध्ये शिवणाला जाते. हे घर बघतात. कानाला यंत्र घेतलंय. त्यातून रिक्षांचे हॉर्न ऐकू येतात, शेजारचा कुकर ऐकू येतो, माणूस काय म्हणतो ते मात्र येत नाही. म्हणून ते बहुतेक डबीतच असतं. जुनी मुलं कधीमधी फोन करतात. दहावी झालो, बारावीला बसलो, वहिनी, सरांना द्या ना. मी स्पीकर लावते, मुलाचं वाक्य यांच्यासमोर मोठ्याने पुन्हा म्हणते, हे ओरडून उत्तर देतात. पलीकडचा मुलगा बावचळतो. सर रागावलेत का, असं विचारतो. नाही रे बाबा, मी म्हणते, खूश आहेत.

अलीकडे ते फोनही कमी झालेत. नवे अधीक्षक आलेत असं मावशींनी बाजारात भेटल्यावर सांगितलं. माणूस वाईट नाही, त्याला सगळं नीट ऐकू येतं. पण राहायला पालघरला, संध्याकाळी मोटरसायकलने घरी जातो. रात्री मुलांजवळ मावशीच असतात. ‘‘नि टाकी?’’ मी विचारलं. ‘‘हाय तशीच,’’ त्या म्हणाल्या, आणि पिशवीतला भोपळा सारखा करून पुढच्या दुकानाकडे गेल्या.