मेढीचा रंग

मॅडमनी माझं कापड पेन्सिलच्या टोकाने उचललं. हात लावला नाही. तसंच लटकवून अख्ख्या वर्गाला दाखवलं आणि विचारलं, "हा रंग कुठून आणलास?"

मी म्हणाले, "माहीत नाय."

वर्ग हसला. आधी माझ्या बोलीला, मग उत्तराला.

"स्वतः केलेला रंग आणि माहीत नाही? म्हणजे बाजारातून रंगवलेलं कापड उचललंस. परवा आईवडिलांना घेऊन ये. त्यांच्यासमोर काय ते ठरवू. नाहीतर हा विषय राहिला समज."

कापड टेबलाच्या कडेला पडलं. मी ते उचललंसुद्धा नाही. रंग कुठून आला ते मला नीट माहीत होतं. सांगायची भीती वाटत होती.

पनवेलच्या या कॉलेजात मी कापडाचं डिझाइन शिकते. डोंगराकडच्या आमच्या वाडीतून इथवर आलेली मी पहिलीच. त्या सहामाहीत 'सस्टेनेबल विचार' असा विषय होता. सस्टेनेबल म्हणजे काही वाया घालवायचं नाही, असं मॅडमनी पहिल्या दिवशी सांगितलं. मला हसू आलं होतं. आमच्याकडे वाया घालवायला असतं काय? प्रत्येकाने स्वतः शोधलेल्या वस्तूपासून रंग करायचा, कापड रंगवायचं आणि एक कागद भरायचा. पदार्थ कोणता, कुठून मिळाला, रीत कोणी शिकवली. कोणी हॉटेलातली कांद्याची सालं आणली, कोणी देवळातला सुकलेला झेंडू. मॅडम 'ब्युटिफुल' म्हणाल्या. सालं कोणाची, झेंडू कोणाचा, कोणाला विचारलं, असं त्या मुलींना कोणी छेडलं नाही. माझ्या कागदावरचे तिन्ही रकाने कोरे होते.

आम्ही कातकरी. खैराचं लाकूड उकळून कात काढणारे, म्हणून कातकरी. नाव राहिलं, काम गेलं. आता खैराला हात लावणं म्हणजे संकट. मी सात वर्षांची असताना बा जळणासाठी वाळकी फांदी घेऊन येत होता. जंगलाच्या गार्डने धरलं. आमच्या डोळ्यांदेखत भरलेले ट्रक डोंगरावरून खाली जायचे, त्यांना कोणी हात दाखवला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी. बा तीन दिवसांनी परत आला तो कमरेत वाकून. पुढे तो कधी ताठ उभा राहिला नाही, आणि काय झालं तेही बोलला नाही. आता तो नाही.

तेव्हापासून आमच्या घरात एक नियम. कोणी कागद-पेन घेऊन आलं आणि काहीही विचारलं, तर माहीत नाय म्हणायचं. नाव विचारलं, माहीत नाय. लाकूड विचारलं, माहीत नाय. आईने हे मला पाढ्यांच्या आधी शिकवलं. मॅडमच्या हातात कागद होता, पेन्सिल होती. तोंडातून आपसूक तेच बाहेर पडलं.

रंग होता मेढीचा. छपराला टेकू देणारा आमच्या झोपडीतला खांब, बाने स्वतः पुरलेला, खैराचा. बुडाशी कुजला म्हणून गेल्या वर्षी काढला आणि सिमेंटचा लावला. तेव्हापासून तो कोपऱ्यात पडून होता. यंदा आई म्हणाली, चुलीत घालू. मी म्हणाले, रंग करू. दोन दिवस तिने ऐकलं नाही. तिसऱ्या दिवशी दार लावून घेतलं आणि कोयत्याने ढलप्या काढायला बसली. स्वतःच्या घरातला खांब फोडायला आम्ही दार लावलं.

ढलप्या चुलीवर उकळत ठेवल्या. धुराने डोळे चुरचुरत होते, तरी तिने दार उघडलं नाही. पाणी हळूहळू लाल झालं. तिचे हात भराभर चालायला लागले. तिला हे तिच्या आईने दाखवलेलं. कापड बुडवायचं, पिळायचं, वाळवायचं, परत बुडवायचं. सात वेळा. शेवटी राखेच्या पाण्यातून काढायचं, मग रंग गडद होतो. "वारा लागल्याबिगर रंग धरत नाय गो," ती म्हणाली. वारा तर बाहेर. मग तिने कापड मागच्या दोरीवर टाकलं आणि वरून जुनी साडी पसरली. वाळत घातलेलं कापड लपवणारी बाई कोणी बघितली आहे का? मी बघितली आहे. कापड जुन्या विटेसारखं लालसर झालं. एवढं सुंदर काही मी आधी केलं नव्हतं.

ठरल्या दिवशी आई आली. करंजाडेला एका बिल्डिंगच्या कामावर ती घमेली उचलते, तिथला खाडा केला. ठेवणीतली साडी नेसली. एसटीत तिने माझं मनगट धरलं ते पनवेल येईपर्यंत सोडलं नाही.

"गार्ड आसल काय गो तितं?"

"नाय गो आय. बाई हाय."

"बाईच्या हाती कागुद आसल?"

मी तिकिटाची घडी करत राहिले.

वर्कशॉपमध्ये रंगाच्या बादल्या मांडलेल्या. मॅडम वहीत बघत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मावशी, ती बादली बाहेर ओता. आणि इथलं जरा पुसून घ्या."

आईने बादली उचलली.

मी बघत राहिले. ही माझी आई आहे, एवढं एक वाक्य. मी म्हणाले नाही. मुली बघत होत्या. आई बादली ओतून आली, पोतेरं घेतलं, खाली बसली आणि फरशी पुसली. नीट पुसली, कोपऱ्यासकट. त्या पाच मिनिटांसाठी मी स्वतःला माफ केलेलं नाही.

"तुझी आई आली नाही?"

"ह्याच."

"अच्छा? मग आधी सांगायचं ना." चूक माझीच निघाली. मॅडमनी कापड पुढे ठेवलं, कागद ओढला, पेन काढलं. "हा रंग कोणी केला, मावशी?"

आईने पेनाकडे बघितलं.

"माहीत नाय," ती म्हणाली.

आणि हात पदराखाली घेतले. तिच्या नखांत कात बसला होता. दहाच्या दहा नखं तांबडी. ती चोरासारखी स्वतःची बोटं लपवत होती.

माझंच उत्तर समोरून ऐकलं तेव्हा ते कसं दिसतं ते मला कळलं. भीती गेली नाही. पण संताप आला, बादलीचा, पोतेऱ्याचा, बाच्या वाकलेल्या कमरेचा, सगळ्यात जास्त माझ्या गप्प बसण्याचा. मी आईचा हात पदरातून ओढून काढला आणि टेबलावर कापडाशेजारी ठेवला.

"हिने केलाय. खैराचा हाय. आमच्या घरची मेढ होती. माझ्या बाने पुरलेली."

कोणी हसलं नाही.

मॅडमनी नखं बघितली, कापड बघितलं. मग पहिल्यांदा कापडाला हात लावला. "अगं, हे तर किती सस्टेनेबल आहे! आपण प्रदर्शनात लावू या." मग तोच तीन रकान्यांचा कागद मला भरायला दिला. "फक्त खैर लिहू नकोस. उद्घाटनाला वनखात्याचे साहेब येणार आहेत, उगाच भानगड नको. 'स्थानिक लाकूड' लिही. आणि रीत कोणी शिकवली तिथे 'पारंपरिक आदिवासी पद्धत'. नाव कशाला?"

वनखात्याचे साहेब. आई कानाशी लागली, "बाय सांगते तसं कर गो."

पेन हातात. खरं सांगते, तसंच लिहावंसं वाटलं. विषय सुटला असता. प्रदर्शन मिळालं असतं. कोणी वाडीवर आलं नसतं. मग ओली फरशी दिसली. मी लिहिलं: खैर. आमच्या घरची जुनी मेढ. आणि तिसऱ्या रकान्यात आईचं नाव, बाचं नाव, आडनाव. अक्षर वाकडंतिकडं आलं.

मॅडमनी वाचलं. "मग हे लावता येणार नाही. मार्कांचंही मी काही सांगू शकत नाही."

"नका लावू," मी म्हणाले. कापड उचललं, आईचा हात धरला आणि बाहेर पडले.

एसटी स्टँडवर आई माझ्यावर तुटून पडली. "माजं नाव कागदाव घातलंस? उंद्या कोन आलं तं? तुज्या बाला काय झालं ते इसरलीस?" तिने परत माझं मनगट धरलं.

"खोडशील ना?"

"नाय."

माझा विषय राहिला.

मेढीचा अर्धा तुकडा अजून घरात आहे. पुन्हा परीक्षा देईन तेव्हा त्याचाच रंग करणार. दार उघडं ठेवून. कापड उघड्यावर वाळत घालणार, वरून साडी टाकणार नाही. रस्त्यावर जीपचा आवाज आला की अजून माझा हात दाराच्या कडीकडे जातो. जाऊ दे. कोणी पेन काढून विचारलं, रंग कोणाचा, तर मी आईचं नाव सांगणार, लाकडाचं नाव सांगणार, रीत सांगणार. सावकाश, त्याचं लिहून होईपर्यंत. मग कागद हातात घेऊन त्याने बरोबर लिहिलंय का, ते वाचून बघणार.