अहेरीहून ताईला आणताना ओरडलेले ब्रेक

मोठा भाऊ गेला त्याला अकरा दिवस झाले होते. तेरवी दोन दिवसांवर होती आणि अहेरीच्या ताईचा निरोप आला, मोटार मिळत नाही. "लेक आल्याशिवाय पान वाढायचं नाही," आई एवढंच म्हणाली. दादा ज्या जुन्या व्हॅनमधून बाजारोबाजारी कापड न्यायचा तीच काढली. चालवायला त्याचाच ड्रायव्हर शंकरभाऊ. ही पन्नास सालानंतरची गोष्ट. चंद्रपूरला तेव्हा आम्ही चांदाच म्हणत असू.

पहाटे निघालो. गोंडपिपरीपर्यंत मुरमाचा रस्ता, तिथे चहा आणि चिवडा. पुढे वैनगंगेला पूल नव्हता. हिवाळ्यात वाळूवर बांबूचे तट्टे टाकून वाट करत. धारेत व्हॅन रुतली तेव्हा मासे धरणाऱ्या चौघांनी रेटा दिला.

"गाडी हाय का हत्ती, भाऊ?"

"हत्ती असता तं तुमाले कायले बोलावलं असतं?" शंकरभाऊ म्हणाला.

पलीकडे आष्टीला त्यानं ब्रेक दाबला आणि अशी किंकाळी निघाली की चौकातली कुत्री उठली. त्यानं मला उतरवलं.

"तुमी बाजूनं चाला अन् आयका, कोनतं चाक बोंबलते."

दहा वेळा गाडी चालली, थांबली. आवाज पुढच्या उजव्या चाकातून येत होता. पाय उचलला की बंद.

"म्हंजे बेअरिंग नाई, ब्रेकच. आता खोललं तं जंगलात अंधार होईल. अहेरीले पाहू."

आलापल्लीचं सागवान मागे टाकत, ओरडत ओरडत आम्ही अहेरीला पोचलो. कोणी जाणार असेल तर पेट्रोलचा डबा सोबत ठेवा. त्या वाटेवर त्याचा भरवसा नाही.

ताईचे सासरे शेतकरी माणूस. गाडीचं रडणं त्यांना आवडलं नाही. भात आणि लाखोळीची डाळ वाढतानाही दोनदा विचारलं, "कायले रडून राह्यली ते?"

सकाळी व्हॅन गप्प होती. शंकरभाऊ खूश झाला. "लाजली बाई! काई खोलाचं काम नाई." ताई मागे बसली, आम्ही निघालो.

पहिल्याच नाल्याच्या उतारावर त्यानं ब्रेक दाबला. वेग कमी होईना, गाडी डावीकडे ओढली गेली आणि बांबूच्या बेटात घुसून थांबली. कोणाला लागलं नाही. शंकरभाऊनं चाक काढलं, ब्रेकचा ड्रम ओढला, बोट नाकाशी नेलं.

"हे तं मोहाचं तेल!"

ताईला हसू आवरेना. सासरे पहाटे तेलाची बुधली घेऊन बाहेर गेलेले तिनं पाहिले होते. म्हणत होते, सुनेला रडत्या गाडीत माहेरी धाडू नये.

"अवो बाई, तेल छकड्याच्या आसाले लागते, ब्रेकले नाई! बुढ्यानं आपल्याले सरळ वैकुंठाले धाडलं असतं."

तेलाखाली खरं कारण सापडलं. नदीची वाळू ब्रेकच्या पट्ट्यांत रुतून ड्रमवर चरे पडले होते. त्यानं पट्टे आणि ड्रम पेट्रोलनं धुऊन वाळत ठेवले. मग मी आणि ताई पॉलिशपेपरनं पट्टे घासत बसलो. तेव्हा तिनं विचारलं, शेवटी दादा काही बोलला का. नागपूरच्या दवाखान्यात शेवटचे दोन दिवस मी एकटाच त्याच्याजवळ होतो. घरी मी कोणाला धड काही सांगितलं नव्हतं. घासता घासता सगळं सांगितलं: त्यानं मागितलेली पेज, नर्सशी केलेली थट्टा, माझा हात धरून ठेवणं. ताईनं मध्येच पॉलिशपेपर उलटून दिला.

शंकरभाऊनं सपाटीवर चार वेळा ब्रेक लावून पाहिले आणि मगच आम्हाला बसू दिलं.

चांद्याला पोचायला चार वाजून गेले. अंगणात पत्रावळी मांडलेल्या, पाहुणे टेकलेले, पण कोणी घास घेतला नव्हता. एक म्हातारे काका मोठ्यानं म्हणाले, "आली रे बाई, वाढा आता, जीव चालला!" आणि लोक हसले. बारा दिवसांत त्या घरात कोणी हसलं नव्हतं.

व्हॅन नंतर पुष्कळ वर्षं चालली. तिची वाळू धुवायला मी शिकलो. पण त्या प्रवासाचं मोल मला वेगळंच वाटतं. जेवणं आटोपल्यावर ताई आईजवळ बसून म्हणाली, "यानं मला सगळं सांगितलं."

आईनं पदर सावरला आणि माझ्यासाठी पाट सरकवला.

"मग आता मलेबी सांग," ती म्हणाली. मी बसलो आणि सांगितलं.