तीनदा लुकलुकणारा दिवा

कुठल्याही कामाची सुरुवात करावी तर आमच्या चोपड्याच्या साडूंनीच. शेवटाचं ते फारसं मनावर घेत नसत. मधमाश्या पाळल्या, तेव्हा मधाऐवजी सुजलेलं नाक मिळालं. मग वाजवायची पेटी आणली. ती तीन सुरांपाशी अडून बसली. केळीची बाग सोडली तर त्यांनी तडीला नेलेली गोष्ट एकच, अक्काबरोबरचा संसार. अक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण.

अशा माणसाने साठी उलटल्यावर मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड, म्हणजे प्रोग्रॅम घालून चालवायचा तळहाताएवढा कम्प्युटर, मागवला आणि मला धुळ्याला फोन केला. मी इथल्या कॉलेजात हाच विषय शिकवतो. जाऊन पाहतो तर बोर्ड पाटावर विराजमान, अंगभर हळदकुंकू, पुढ्यात नारळ.

"साडूभाऊ, याले भूक किती लागस?"

"पाच व्होल्ट."

"बस? मंग तुमच्यापेक्षा सोयीचा पाहुणा शे!"

प्रत्येक नवी गोष्ट ते अशीच घरच्या मापाने मोजून घेत. प्रोग्रॅममध्ये सेटअप नावाचा भाग एकदाच चालतो आणि लूप नावाचा फिरत राहतो, असं मी सांगितलं, तर म्हणाले, "समजनं. सेटअप म्हंजे लगीन. लूप म्हंजे संसार, लाइट जाईपर्यंत." हे वाक्य मी अजून वर्गात वापरतो. कुणाचं आहे ते सांगत नाही.

त्यांना हवा होता फक्त एक दिवा. अक्काचे कान पार गेले होते. साडू शेतातून आले की फाटकाशी उभे राहून हाका मारत. सगळी गल्ली बाहेर येई, अक्का सोडून. म्हणून फाटकाला बटण आणि स्वयंपाकघरात दिवा. मी हसलो. म्हटलं, "त्याला बोर्ड कशाला? साधी वायर ओढा."

"तसं नई भो," ते गंभीर झाले. "बटणं दोन. एक पाहुण्याचं, त्याने दिवा एकदा लागेल. दुसरं खांबामागे, मन्हं. त्याने तीनदा लुकलुकेल. तिले आतूनच समजलं पाहिजे, मी उना."

म्हणजे 'मी आलो'. प्रोग्रॅम चार ओळींचा, पण सगळा खटाटोप या एका निरोपासाठी.

निघताना त्यांनी बोर्ड कम्प्युटरला जोडायला केबल मागितली. माझ्या बॅगेत मोबाइलची एक जुनी होती, ती दिली. पुढे त्यांचे फोन सुरू झाले. बोर्डावरचा दिवा लागतो, पण कम्प्युटर म्हणतो, बोर्डच दिसत नाही. "कुंकू आत गेलं असेल का हो?" त्यांनी दात घासायच्या ब्रशने बोर्ड साफ केला. मग स्वतःलाच दोष देऊ लागले, "डोकं पिकलं मन्हं, केसांसंगे." मी प्रत्येक वेळी म्हणायचो, येतो दिवाळीत. दिवाळीत म्हणालो, हिवाळ्यात वांग्याच्या भरताच्या पार्टीला येतो. परीक्षा, पेपर, पाहुणे. कारणं खरी होती, पण चोपडा काही लांब नाही. खरं सांगायचं तर मला कंटाळा आला होता. एका दिव्यासाठी कोण जाणार, असं मनात होतं.

वांगी शेकायच्या दिवसांतच साडू गेले. बागेतच, छातीत कळ येऊन.

तेराव्यानंतर मी बोर्ड हातात घेतला. मला एका क्षणात कळलं. मी दिलेली केबल नुसती चार्जिंगची होती. तिच्यातून वीज जाते, प्रोग्रॅम जात नाही. वर्गात पहिल्याच तासाला मी मुलांना हेच बजावतो. दुसरी केबल लावली आणि त्यांनी लिहून ठेवलेला प्रोग्रॅम एका झटक्यात बोर्डात उतरला. त्यात एकही चूक नव्हती. कुंकवाचीही नव्हती.

दुपारभर खपून मी दिवा चुलीच्या वर बसवला, दोन्ही बटणं फाटकाला लावली. पाहुण्याचं बटण दाबून पाहिलं. दुसऱ्याला हात लावायचा धीर होईना. अक्का सगळं बघत होती. तिने मला खांद्याला धरून स्वयंपाकघरात उभं केलं, दिव्याकडे बोट दाखवलं आणि पदर सावरत स्वतः फाटकाकडे गेली.

दिवा लुकलुकला.

ती परत आली तेव्हा चप्पल पायातच होती. "किती?"

मी तीन बोटं दाखवली.

"मंग बराबर शे," ती म्हणाली, आणि साडू शेतातून आल्यावर ठेवायची तसं चहाचं आधण ठेवायला वळली.