चावलेली रोटी

आमच्या इंदिरानगरात कुणी गावाला निघालं की घरोघरी हातावर दही पडायचं. ताश्कंदकाकूंच्या घरी मात्र रोटी पुढे यायची. गोल, फुगीर कडांची, मधोमध काट्यानं टोचलेली. निघणाऱ्यानं तिचा एक घास चावायचा आणि उरलेली काकूंच्या हाती द्यायची. काकू ती फडक्यात बांधून स्वयंपाकघरातल्या खुंटीला टांगत. परत आल्यावर ती त्यानंच संपवायची. चावलेली रोटी घरात आहे तोवर माणूस परत यायचंच आहे, असा तिकडचा समज.

एकदा काका नुसते मनमाडला निघाले होते, संध्याकाळी परतणार होते. तरी रोटी आलीच.

"अगं, मनमाडला चाललोय," काका कुरकुरले.

"मनमाड जंक्शन आहे," काकू म्हणाल्या. "तिथून माणूस कुठंही जाऊ शकतं."

काकांनी मुकाट्यानं घास घेतला.

काका कारखान्याच्या कामासाठी काही वर्षं ताश्कंदला होते आणि काकू त्यांच्याबरोबर. परत येऊन त्या आमच्या शेजारी राहायला आल्या, तेव्हा मी कॉलेजात होते. काका तिथून एक कॅमेरा घेऊन आले. काकू अख्खा मध्य आशिया घेऊन आल्या. तो त्या आम्हाला ओट्यावर कणीक पसरून दाखवायच्या. पूर्वेला कणकेचे उंच ढीग, ते पर्वत. पश्चिमेला बोटांनी सारखी केलेली कणीक, ते वाळवंट. वर उत्तरेला गवताची माळरानं, तिथं घोडे आणि मेंढरं घेऊन फिरणारे कझाक. डोंगरात किरगिझ, वाळवंटाकडे तुर्कमेन, आणि मधे जिथं पाणी आहे तिथं उझबेक आणि ताजिक, बागा करून राहिलेले. मग दोन नद्यांच्या रेघा ओढायच्या आणि कणकेतच थांबवायच्या.

काकूंच्या सासूबाई, म्हणजे सगळ्या गल्लीच्या आजी, हे दारातून बघत. गोदावरीकाठी भाजीचे मळे केलेली बाई ती. "नदी अशी मधीच कशी थांबंल? समुद्राला जात नाय का?"

"नाही, आई. आधी एका मोठ्या खाऱ्या तळ्याला जायच्या. मग माणसांनी पाणी कापसाला वळवलं. आता तळंच आटत चाललंय."

"मंग कापूस कशाला लावला एवढा," आजी म्हणाल्या आणि त्या देशाविषयी त्यांचं मत कायमचं वाईट झालं.

रोटीविषयी तर ते होतंच. "उष्टं टांगलंय भिंतीला. लय झालं तुझं ताश्कंद," असं त्या खुंटीखालून जाताना दर वेळी म्हणत. काकू कधी उलटून बोलल्या नाहीत. एवढंच म्हणायच्या, "आई, त्या लोकांनी फार जाणं बघितलंय."

ते जाणं त्या आम्हाला सांगायच्या. उंटांवर रेशीम लादून महिनोन् महिने जाणारे व्यापारी. लढाईवर गेलेली मुलं. आणि त्यांच्या ताश्कंदच्या अंगणात वरच्या मजल्यावर राहणारी कोरियन व्हेरा. तिच्या आईवडिलांना त्यांच्या सगळ्या लोकांसकट सरकारनं दूर पूर्वेच्या किनाऱ्यावरून आगगाडीत घालून तिथं आणून सोडलं होतं. व्हेरा गाजराचं तिखट लोणचं करायची आणि अंगणातल्या सगळ्यांना वाटायची. "तिच्या आईला कुणी रोटी चावायला दिली नव्हती," काकू सांगत. "द्यायला मागं कुणी उरलंच नव्हतं."

त्याच अंगणात खालच्या घरात जुहराआपा राहायच्या. पहिल्याच दिवशी काकू रशियन येत नसताना बाजारात गेल्या आणि 'पियोझ' ऐकून त्यांनी बरोबर कांद्याला हात घातला. बाजाराला बाजार, हवेला हवा आणि मैदानाला मैदानच म्हणतात म्हटल्यावर आपांशी त्यांची गट्टी जमली. निघायच्या दिवशी आपांनी रोटी पुढे केली. काकूंनी घास घेतला, आणि ती रोटी आपांच्या भिंतीवर राहिली.

तिथं परत जाऊन ती रोटी संपवायची, एवढी एकच गोष्ट काकूंनी जन्मात हट्टानं मागितली. काका हो म्हणाले होते. मग टीव्हीवर बातम्या आल्या आणि एका देशाचे बघता बघता पुष्कळ देश झाले. व्हेरा मुलांकडे निघून गेल्याचं कळलं. आपांचा फोन एकदा लागला, मग लागेनासा झाला.

"तुझ्या रोटीचा देशच बदलला की," काका म्हणाले.

"देश बदलला. खुंटी तीच असेल."

पण जाणं राहिलंच. आधी काकांची निवृत्ती यायची होती, ती आली तर त्यांचं हृदय बिघडलं, ते सावरलं तर काकूंची मूत्रपिंडं. दवाखान्यातून आल्या की त्या आडव्या पडून खुंटीकडे बघत राहत. मला फार वाईट वाटायचं. दुसऱ्यांच्या रोट्या इतक्या जपणाऱ्या बाईची स्वतःची रोटी परक्या देशात लटकत होती.

मला मस्कतला प्रयोगशाळेत नोकरी लागली, तेव्हा त्यांना उभं राहवत नव्हतं. तरी त्यांनी गोल ओव्हन काढायला लावला. मी घास घेतला. "लवकर ये हं," त्या म्हणाल्या, "फार वाळली की दातांना त्रास होतो."

मी तिकडे असतानाच त्या गेल्या. आईनं फोनवर सांगितलं. मी त्या दिवशी काम केलं, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना.

पहिल्या सुट्टीत आले ती थेट त्यांच्याकडे गेले. काका खुर्चीत बसून होते. काकूंच्या साड्या, भांडी, सगळं वाटून झालं होतं. आजी काठी टेकत आत गेल्या आणि खुंटीवरचं फडकं काढून आणून माझ्या मांडीवर ठेवलं.

"तुझं उष्टं हाय. तूच संपव. पापडांबरोबर उन्हात घालत व्हते, बुरशी नाय धरू दिली."

दगडासारखी झाली होती. मी चहात बुडवून बुडवून खाल्ली. रडू येत होतं आणि घास गिळायचा होता, दोन्ही एकदम जमत नव्हतं. आजी शेवटच्या तुकड्यापर्यंत समोर बसून राहिल्या.

"तिची ऱ्हायली की गं तिकडं," त्या म्हणाल्या.

"हो, आजी."

"त्या बाईला कळवायला काय पत्ता, फोन हाय का?"

"नाही. काहीच नाही."

आजींनी ते फडकं झटकलं, त्याची नीट घडी घातली.

"मंग बरंच हाय," त्या म्हणाल्या. "तिथं तरी ती अजून यायचीच हाय."