सुमित्राबाईचा कोलंबोचा भाऊ

आमगावच्या टिकारामला पारावर कोणी विचारलं, "काय भाऊ, साळ्यानं दुपट्टा परत केला काय?" की तो उठून चालायला लागायचा. विचारणाऱ्यांत मी पहिला असायचो, हे वेगळं सांगायला नको.

टिकाराम माझा शेजारी. आमच्या दोघांच्या घरांमध्ये कुडाची एकच भिंत, आणि कुडातून काय ऐकू येत नाही? त्यामुळे मी सांगतो ते पक्कं समजा. जे पक्कं नाही ते गावानं सांगितलेलं आहे, आणि ते जास्त मजेचं आहे.

त्याची धानाची थोडी शेती होती, पण नाव होतं तेंदूपत्त्यात. उन्हाळ्यात गोंदियाच्या एका शेठच्या फडीवर, म्हणजे पत्ता गोळा होतो तिथं, बसून तो पत्त्याचे पुडे तपासायचा. चौपन्न साली शेठचा माल कोलंबोला गेला आणि तिथल्या विडीवाल्यांनी पत्ता फाटका निघतो म्हणून कुरकुर केली. शेठ म्हणाला, टिकाराम, तू जा, त्यांच्यासमोर पुडे सोडून दाखव. काम दोन दिवसांचं, राहायचं आठवडाभर, वर बायकोलाही घेऊन जा. असा शेठ मला काऊन भेटला नाही, तो विषय वेगळा.

सुमित्राबाईला एकच पाहिजे होतं, समुद्र. लग्न झाल्यावर टिकारामनं तिला चोरखमाऱ्याचा तलाव दाखवला होता, तोही त्याची आत्या तिथं राहायची म्हणून. तलावाच्या पाळीवर उभी राहून तिनं विचारलं, याच्याहून मोठं पाणी कुठं असते? तो म्हणाला, समुद्राचं. तेव्हापासून तिनं मनाशी धरलं होतं की एकदा त्या पाण्यात पाय सोडून पोटभर बसायचं.

आता टिकारामची खोड सांगतो. दिवाळीनंतर आमच्याकडं मंडया म्हणजे जत्रा भरतात, आज या गावची, उद्या त्या गावची. मंडईला जायचं म्हणजे सोयऱ्याच्या दारात उतरायचं, त्यानं पायाला पाणी द्यायचं, जेवायला घालायचं, मग दिवेलागणीला बैलांची खासर घराकडं वळवायची. ज्या गावात सोयरा नाही, तिथली मंडई कितीही मोठी असो, टिकाराम जात नसे. "जिथं पायाले पाणी देणारं कोणी नाही, तिथं जायचं कायले?" असं त्याचं म्हणणं. एकदा बायको नागझिऱ्याचं जंगल पाहू म्हणाली, तर यानं विचारलं, तिथं आपलं कोण आहे, वाघ?

हाच गडी कोलंबोच्या सहली आखायला ओसरीवर बसला, आणि त्यानं तिथंही मंडईच मांडली. कँडीला शेठच्या ओळखीचा एक व्यापारी होता, म्हणून कँडीला एक दिवस. नेगोंबोला गोदामवाला, त्याला एक दिवस. कोलंबोतल्या विडीवाल्यांकडं एकेक जेवण. शालीकराम गुरुजी शाळेतला नकाशा घेऊन आले होते. ते म्हणाले, शहरात समुद्राला लागूनच मोठं मैदान आहे, लोक हवा खायला जातात, तिथं जा. टिकारामनं विचारलं, तिथं घर कोणाचं? गुरुजी म्हणाले, मैदानात कोणाचं घर असणार? झालं, मैदान कटलं. राहिलेला रविवार त्यानं पुन्हा पहिल्याच विडीवाल्याला देऊन टाकला.

सुमित्राबाई दाराआड तांदूळ पाखडत होती. सूप न थांबवता तिनं सांगितलं, "रविवार खाली ठेवा, कोणाले देऊ नका."

"काऊन?"

"माझ्या भावाकडं जायचं आहे."

आता भाऊ कुठून आला? सुमित्राबाई एकुलती एक. लग्नात नवरदेवाचा कान पिळून दुपट्ट्याचा मान घ्यायला भाऊ नव्हता म्हणून ती कानपिळी तशीच राहून गेली, हे मी वरातीत उभं राहून पाहिलेलं. पण चारचौघांत बायकोचं माहेर नाकारायचं म्हणजे चुलीशी वैर. शिवाय नियम टिकारामचाच, सोयरा असला की चुकवायचा नाही. त्यानं मुकाट्यानं रविवार सोडला.

मग गावात भाऊ वाढायला लागला. कोणी म्हणे, लहानपणी पळून चहाच्या मळ्यात गेलेला आहे. कोणी म्हणे, भाऊबिऊ काही नाही, भानगड आहे. मी दोन्ही गोष्टी घरोघर नीट पोचवल्या.

पुढचं सुमित्राबाईनं माझ्या बायकोला, रुख्माला, सांगितलं. रामेश्वरच्या पलीकडं बोटीत बसल्यावर तिला इतकं मळमळलं की पदर तोंडावर घेऊन पडून राहिली. टिकाराम म्हणाला, झाला ना समुद्र पाहून? ती म्हणाली, रस्त्यानं जाताना सोयऱ्याचं घर दिसलं म्हणजे भेट झाली काय?

रविवारी ती पुढं, हा नवा दुपट्टा खांद्यावर टाकून मागं. घर कुठं म्हटलं की ती म्हणे, सरळ. असं सरळ चालत ती थेट त्या मैदानाच्या टोकाशी, वाळूत उतरली. पिशवीतून कुंकू, तांदूळ, नारळ काढला.

"आलं घर," ती म्हणाली.

"येथं कोण आहे, शामकलाचे माय?" लेकीचं नाव घेऊन टिकारामनं विचारलं.

"उभे तर राहा. पायाले पाणी देते का नाही, पाहा."

तेवढ्यात लाट आली. लाटेनंच गुडघ्यापर्यंत दोघांचे पाय धुतले. टिकाराम दचकून मागं सरला आणि बसला तो पाण्यातच. परत जाता जाता लाटेनं खांद्यावरचा दुपट्टा ओढून नेला. तो धरायला धावला, तर सुमित्राबाईनं धोतराचा सोगा पकडला.

"राहू द्या. कानपिळीचा मान राहिला होता, तो घेतला त्यानं."

मग तिनं पाण्याला कुंकू वाहिलं, नारळ सोडला. भावाकडं आल्यावर जेवल्याशिवाय उठता येत नाही, म्हणून शिदोरीही तिथंच सुटली. ती पाण्यात पाय सोडून बसली ती दिवे लागेपर्यंत. टिकाराम आधी पाय वर घेऊन बसला होता. नंतर त्यानंही सोडले, असं ती सांगते. तो नाही म्हणतो.

त्या दिवाळीला कुडापलीकडून मला पुन्हा सुपाचा आवाज ऐकू आला. मंगळवार खाली ठेवा, सुमित्राबाई म्हणत होती, नागझिऱ्याच्या जंगलात माझी बहीण राहते.

मंगळवारी पहाटेच टिकारामनं बैल जुंपले. दुपट्टा मात्र खुंटीवर ठेवून गेला.