एक फॅक्ट फेकू का?

"एक फॅक्ट फेकू का?" असं म्हणून मामा टोपी कपाळावरून मागं सारायचे आणि उत्तराची वाट न बघता फेकायचे. फॅक्ट या शब्दाला मराठीत हेच क्रियापद लागतं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. तुम्ही कधी वेरूळला गेला असाल तर एखादा तुम्हालाही लागला असेल.

मी संभाजीनगरच्या एका ट्रॅव्हल कंपनीत गाडी चालवतो आणि मामा तिथं गाइड होते. नात्यानं माझे कुणी नव्हेत, पण कंपनीत सगळे त्यांना मामाच म्हणायचे. अकरा वर्षं ते माझ्या शेजारच्या सीटवर मागं तोंड करून बसले आणि पाहुण्यांना महाराष्ट्र सांगत राहिले. कुठला महाराष्ट्र, ते विचारू नका. बीबी का मकबरा ताजमहालापेक्षा लहान कसा? "त्याच मापाचा होता. पहिल्या पावसात आटला." देवगिरीच्या किल्ल्यावर मुंग्या का नाहीत? "निम्म्या वाटंत दम लागतो त्यांना. माघारी फिरतात." पैठणीवरचा मोर पावसाळ्यात दोन बोटं वाढतो, हे एका जपानी बाईंनी वहीत उतरवून घेतलं, मापासकट. अशा वेळी मी उगाच ब्रेक दाबून निषेध नोंदवायचो.

"मामा, हे पाप कुठं फेडाल?" मी एकदा विचारलं.

"भाचे, पाहुणा घरी जाऊन सनावळी सांगतो व्हय कुणाला? मोर सांगतो."

त्यांचा एक फॅक्ट मात्र मला आजही शंभर नंबरी वाटतो. परप्रांतातल्या पाहुण्यांना ते पहिल्याच दिवशी शिकवायचे, "आमच्याकडं 'व्हय' म्हणजे हो. 'व्हय व्हय' म्हणजे बघू. आन् 'व्हय व्हय व्हय' म्हणजे नाय." कंपनीत पगारवाढ मागून बघा, लगेच पटेल.

वेरूळच्या दहा नंबरच्या लेण्यात आवाज छान घुमतो. बाकीचे गाइड तिथं पाहुण्यांना घुमवून दाखवतात. मामा चपला बाहेर काढायचे, बुद्धमूर्तीपुढं हात जोडून हळू आवाजात वंदना म्हणायचे आणि बाहेर यायचे. एकदा एका पाहुण्यानं मोबाइल धरून "पुन्हा म्हणा, जरा मोठ्यानं" अशी फर्माईश केली. मामा म्हणाले, "ते तुमच्यासाठी नव्हतं, साहेब." मला तेव्हाही हा माणूस आवडायचा, पण मी ते कधी बोललो नाही. आमच्यात तशी पद्धत नव्हती.

मग एका पाहुण्यानं घरी गेल्यावर इंटरनेटवर मकबऱ्याच्या आटण्याची चौकशी केली आणि कंपनीच्या नावानं भलीमोठी तक्रार लिहिली. मालकांनी मामांना बोलावून सांगितलं, "आणखी एक तक्रार आली, की घरी." मामांना दुसरं काम येत नव्हतं, आणि गप्प बसणं तर त्याहून येत नव्हतं. मी त्यांना गाडीत बसवून बजावलं, "पुढच्या पाहुण्यांना खरं तेच सांगायचं. सगळं खरं." ते म्हणाले, "व्हय." एकदाच म्हणाले, म्हणून मी निर्धास्त झालो.

आठवड्यानं बडोद्याचे एक निवृत्त मास्तर बायकोसह आले. मराठीच होते, पण महाराष्ट्र पहिल्यांदा बघत होते. मामांनी टोपीला हात लावला नाही. इस्त्रीचा शर्ट घालून, चक्क पुढं बघत बसले आणि म्हणाले, "एक माहिती सांगतो. लोणारच्या तळ्याचं पाणी मागं एकदा गुलाबी झालं होतं."

मास्तर हसले. "कोणी रंग टाकला?"

"आपोआप झालं. आन् भीमाशंकरच्या जंगलात पावसाळ्यात रात्री बुरशी चमकती."

"वा! वीजबिल वाचलं."

"विदर्भात, चिखलदऱ्याला, कॉफी पिकती."

"अहो, विदर्भात संत्री पिकतात. मी पस्तीस वर्षं भूगोल शिकवलाय."

मामांच्या कानशिलावर घाम आला. वेरूळला कैलासासमोर उभं राहून ते म्हणाले, "हे देऊळ वरून खाली कोरलंय. कळस आधी, पाया नंतर." मास्तरांचा संयम संपला. "तुम्ही घर बांधलंय का कधी?" कैलासाचं तर मला पक्कं माहीत होतं, पण त्या दिवशी मामांच्या तोंडून ऐकून माझाही विश्वास डळमळला. मी पार्किंगकडं बघत राहिलो.

तक्रार दुसऱ्याच दिवशी आली. मालकांनी आम्हां दोघांना उभं केलं आणि मला विचारलं, "तू सोबत होतास. हा खरं बोलत होता का?"

आता इथं मी काय बोललो ते सांगायला हवं. मी हसून म्हणालो, "मामांचं काय खरं धरायचं, साहेब?"

मला वाटलं, विनोदावर जाईल. मालक हसले नाहीत. मामांनी माझ्याकडं एकदा बघितलं, गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "बरोबर हाय भाच्याचं." मग ते हर्सूलची खोली सोडून मामींबरोबर सोयगावला लेकीकडं गेले.

सात-आठ महिन्यांनी एका कुटुंबाला घेऊन मी चिखलदऱ्याला गेलो. हॉटेलवाल्यानं कॉफी दिली आणि अभिमानानं सांगितलं, "इथलीच आहे, समोरच्या मळ्यातली." मी कप तसाच खाली ठेवला. त्या रात्री मोबाइलवर लोणार शोधलं, बुरशी शोधली. सगळं खरं होतं.

फोन करायला तोंड नव्हतं. उद्या करू, समोरासमोर सांगू, असं म्हणत आणखी दोन महिने काढले. मग कंपनीतच कळलं, की मामा झोपेत गेले.

सोयगावला गेलो तेव्हा मामींनी मला ओळखलं. भिंतीवर मामांचा फोटो होता, बिनटोपीचा, त्यामुळं परक्यासारखा दिसणारा. मामी म्हणाल्या, "त्या बडोद्याच्या पाव्हण्यासाठी हप्ताभर वाचनालयात बसून पाठ करत होते. मलाच मास्तर करून म्हणून दाखवायचे." मग म्हणाल्या, "तुमची वाट लई बघितली त्यांनी. भाचा येईल म्हणायचे. कामून आले नाय?"

मी फोटोकडं वळलो आणि जे त्या दिवशी मालकांपुढं बोलायला हवं होतं ते रडत रडत बोलून टाकलं, "मामी, मामा खरं बोलत होते. शब्दान् शब्द खरा होता त्यांचा. आयुष्यात कधी खोटं बोलला नाही हो हा माणूस!"

मामींनी पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडं नीट बघितलं.

"भाचेबुवा," त्या म्हणाल्या, "माणूस गेला म्हणून इतकं बी खोटं बोलू नये."